तारेच्या दुसऱ्या टोकाला

विजेच्या मोटारीला सायलेन्सर नसतो. मग तिच्या मालकाच्या हातून धूरच होत नाही, असं धरून चालायचं का? नांदेडला माझ्या माहेरी हा प्रश्न गाडीबरोबरच दारात आला. भाच्यानं विजेची मोटार घेतली. हिरव्या नंबरप्लेटला हळदकुंकू लावलं, लिंबं चाकाखाली ठेवली, नारळ फोडला आणि मोठ्या समाधानानं मला म्हणाला, "आत्या, आता आपल्यामुळं कुणाला त्रास नाही बघ. धूर नाही, पाप नाही."

मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवायची. धूर कुठं होतो आणि किती होतो, हे मला गणित मांडून सांगता येतं. पण त्याच्या वाक्यातला दुसरा शब्द गणितात बसत नव्हता. माझ्या सासरी लिंगायत परंपरा, शेजारी जैन कुटुंब आणि माहेर सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर. पाप म्हणजे काय, ते कुणाच्या खात्यावर जातं, ही चर्चा मी आजवर तीन वेगवेगळ्या ओट्यांवर ऐकली आहे. म्हणून हा प्रश्न मला सोडेना.

पोर्चमधल्या सॉकेटची तार धरून उलटं चालत निघालं, तर आपण कुठं पोचू? ग्रिडमध्ये कोयनेचं पाणी, चंद्रपूरचा कोळसा, कुठल्या तरी माळावरचं सौर पॅनेल असं सगळं एकत्र मिसळलेलं असतं. अमुक युनिट अमुक ठिकाणचं, असं बोट ठेवून दाखवता येत नाही. पण देशाच्या विजेतला जवळजवळ पाऊण हिस्सा अजून कोळशावर निघतो. आपल्या मराठवाड्यात त्या कोळशाचं गाव म्हणजे परळी. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं वैजनाथाचं देऊळ तिथं आहे आणि औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्याही तिथंच आहेत. श्रावणी सोमवारी आम्ही दर्शनाला जातो. येताना रस्त्यावर राख वाहणारे टिप्पर लागतात, काच वर करावी लागते. रस्त्याकाठच्या बाभळीच्या पानांवर ती करडी पूड बसलेली असते. त्या गावातली बाई सकाळी ओटा पुसते, तेव्हा तिच्या फडक्याला माझ्या कूलरचा, माझ्या फ्रीजचा आणि आता भाच्याच्या मोटारीचा थोडा थोडा हिस्सा लागतो.

जैन शास्त्रात हिंसेचे तीन प्रकार मानले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवून घेतलेली आणि दुसरा करत असताना मान डोलावलेली. कृत, कारित, अनुमोदित. पतंजलीच्या योगसूत्रांतही हीच विभागणी आहे. या तिन्हींचा दोष लागतो, असं दोन्हीकडं सांगितलं आहे. आमच्या शेजारच्या आजी पर्युषणात याच हिशेबानं वागायच्या. बाजारातून हिरवी भाजी आणायची नाही आणि मोलकरणीलाही आणायला लावायची नाही. लहानपणी मला ते अवघड वाटायचं. विजेच्या मोटारीनं त्याचा अर्थ मला नीट उलगडून दाखवला. पेट्रोलची गाडी हे कृत आहे, धूर आपल्याच मागून निघतो आणि आरशात दिसतो. विजेची गाडी हे कारित आहे.

इथवर आल्यावर बरेच जण थांबतात आणि म्हणतात, मग फरक काय पडला, पेट्रोलच बरं. हे मला पटत नाही. दोष लागतोच म्हटल्यावर तो किती लागतो हे मोजायचं सोडून द्यायचं का? मी कागद घेतला. बेताची पेट्रोल मोटार लिटरला सोळा किलोमीटर जाते. म्हणजे शंभर किलोमीटरला सव्वासहा लिटर. एका लिटरमागे सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जवळजवळ साडेचौदा किलो. त्याच अंतराला छोट्या विजेच्या मोटारीला चार्जिंगमधली गळती धरून सोळाएक युनिट लागतात. आजच्या ग्रिडवर एका युनिटमागे 0.7 किलोच्या आसपास धरलं, तर सव्वाअकरा किलो. पाचव्या हिश्श्यापेक्षा थोडा जास्त फरक. बॅटरी बनवताना होणारा धूर वेगळा, तो गाडी पहिल्या दिवशीच डोक्यावर घेऊन येते. पण एक गोष्ट गाडी विजेची असण्याच्या बाजूनं फार जोरात बोलते. आज घेतलेली पेट्रोल गाडी पंधरा वर्षांनीही लिटरमागे तेवढाच धूर सोडेल. विजेच्या गाडीचा धूर मात्र परळीचा कोळसा जितका कमी होईल आणि सूर्याची वीज जितकी वाढेल, तितका उतरत जाईल. तिच्यात सुधारायची जागा आहे. माणसाबद्दलही आपण शेवटी हेच पाहतो.

बॅटरीबद्दलही दोन शब्द. लिथियमचा मोठा साठा चिलीच्या अटाकामा वाळवंटात आहे. जमिनीखालचं खारं पाणी उपसून तळ्यांत पसरतात, उन्हात आटवतात आणि उरलेल्यातून लिथियम काढतात. जगातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी तो एक. तिथल्या लोकांची पाण्याची तक्रार दुष्काळ पाहिलेल्या लातूरकराला नकाशा न बघता समजेल. कोबाल्ट बहुतेक कांगोतून येतो, तिथल्या खाणींत मुलं राबतात. आपल्याकडच्या स्वस्त मोटारींत बहुतेक करून लोह-फॉस्फेटची बॅटरी असते, तिला कोबाल्ट लागत नाही. हे गाडी घेताना विचारता येतं आणि विचारावं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात आग आणि धुराचाच दाखला आहे. दोष कुठल्याही कर्माला वेढून असतो, म्हणून कर्मच टाकून देऊ नये, असा त्याचा रोख. कीर्तनकार तो कुठंही लावतात, पण इथं तो अक्षरशः लागू पडतो. भाच्याला मी एवढंच सांगितलं, "पाप संपलं म्हणू नको. कमी झालं म्हण, आणि कुणाच्या दारात गेलं ते ध्यानात ठेव."

एवढ्यावर हा निबंध संपला असता. पण पुढं जे घडलं, त्यातून मला या प्रश्नाची दुसरी, जास्त खोल बाजू दिसली.

गाडी पहिल्या रात्री चार्जिंगला लावली. चार्जरच्या डबीवर लाल दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी काही वीज घेईना. शोरूमला फोन, मग वायरमनला फोन. वायरमन आला, टेस्टर लावला, सॉकेट उघडलं आणि म्हणाला, "काका, अर्थिंगच नाही की." माझा भाऊ चिडला. इतकी वर्षं या घरात फ्रीज चालला, कूलर चालला, गिझर चालला. वायरमननं त्याला सॉकेटमधलं वरचं जाड भोक दाखवलं. त्याच्यामागे तार जोडलेलीच नव्हती. घर बांधताना कुणीतरी तेवढी तार वाचवली होती. फ्रीज-कूलर बिचारे सांगत नाहीत, चालत राहतात आणि एखाद्या ओल्या दिवशी झटका देतात. या गाडीचा चार्जर मात्र जमिनीशी नातं जुळल्याशिवाय कामच करत नाही.

मग अंगणात खड्डा घेतला. वर काळी माती, खाली मुरूम. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि जाडं मीठ यांचे थर दिले, वर विटांचा हौदा बांधून झाकण ठेवलं. आणि वायरमननं आईला बजावलं, "आजी, उन्हाळ्यात यात दर आठ दिवसाला बादलीभर पाणी टाकत जा. माती कोरडी पडली की अर्थिंग मरतं." त्यामागचं विज्ञान मी वर्गात शिकवलं आहे: ओलाव्यात विरघळलेलं मीठ वीज वाहून नेतं, कोरडी माती नेत नाही. तरी ते वाक्य त्या अंगणात ऐकताना मी थबकले. मराठवाड्यात विजेच्या गाडीलासुद्धा आधी पाणी लागतं. जमिनीत ओल नसेल, तर वीज सुरक्षित राहत नाही. आणि जमिनीतली ओल काही एका घराची नसते.

विकसनशील देशात विजेच्या मोटारी का खपत नाहीत, याची कारणं सगळ्यांना पाठ आहेत. किंमत हे एक. 2022 मध्ये टियागोची विजेची मोटार 8.49 लाखांपासून आली, तेव्हा ती पेट्रोलच्या सर्वांत स्वस्त टियागोपेक्षा तीनेक लाखांनी महाग होती. चार्जिंगच्या जागा कमी हे दुसरं. बॅटरी किती वर्षं टिकेल, जुनी गाडी कोण घेईल, ही भीती तिसरी. 2024-25 मध्ये देशात विकल्या गेलेल्या शंभर मोटारींत विजेच्या तीनसुद्धा नव्हत्या. ही कारणं खरी आहेत. पण नांदेड-लातूरच्या माणसाशी बसून बोललं की त्यांच्याखाली आणखी एक कारण सापडतं, आणि ते मला धर्माचं वाटतं. पेट्रोल बाटलीत भरून डिकीत ठेवता येतं. वीज तशी ठेवता येत नाही. विजेची गाडी घेणं म्हणजे सामाईक गोष्टीवर भरवसा टाकणं. आणि सामाईक गोष्टीवर भरवसा टाकायची सवय आमच्या भागानं गमावली आहे.

ती का गमावली, हेही सांगायला हवं. नळाला पाणी येत नाही म्हणून प्रत्येकानं आपली बोअर पाडली. शेजारच्याची आटली की तो आणखी खोल गेला आणि मग आपली आटली. लाईट जाते म्हणून घरोघरी इन्व्हर्टर. शाळेत शिकवत नाहीत म्हणून क्लास, आणि लातूर तर क्लासचंच गाव झालं. सरकारी दवाखान्यात रांग म्हणून खासगी. प्रत्येक घरानं स्वतःपुरती सोय केली आणि सामाईक विहीर, सामाईक शाळा, सामाईक बस यांची काळजी घेणारं कुणी उरलं नाही. 2016 साली याचा शेवट आम्ही लातूरला पाहिला. मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. पाचशे फूट, हजार फूट गेलेल्या बोअर नुसती धूळ ओकत होत्या. ज्याच्याकडं पैसा होता त्यालाही विकत घ्यायला पाणी नव्हतं. शेवटी 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून दहा वाघिणींची रेल्वे आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. पुढं तीच पन्नास वाघिणींची झाली आणि ऑगस्टपर्यंत येत राहिली. आम्हाला वाचवलं ते कुणाच्या खासगी बोअरनं नाही. ते सामाईक रुळांनी आणि कृष्णाकाठच्या लोकांनी दिलेल्या पाण्यानं. त्याच दुष्काळात परळीचं वीज केंद्रही पाण्यावाचून बंद पडलं होतं. इतर ठिकाणची वीज तारांतून आली म्हणून आमचे दिवे चालू राहिले. सामाईक तारेनं तेव्हा आम्हाला सांभाळलं, हे आम्ही किती लवकर विसरलो!

नांदेडहून लातूरला गाडीनं यायचं तर लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. भाचा मला सोडायला आला तो मे महिना होता, एसी पूर्ण चालू, आणि पडद्यावरचा उरलेल्या किलोमीटरचा आकडा रस्त्यापेक्षा वेगानं घसरत होता. वाटेत एका हॉटेलात चार्जर होता. त्याच्यावर पिशवी घातलेली होती. पोरगा म्हणाला, "मॅडम, लई दिवस झाले बंदच आहे." दुसऱ्या ठिकाणचा चालू होता, पण त्याला वेगळं ॲप हवं, ॲपला पैसे भरायला नेटवर्क हवं. भाचा घामाघूम. मी त्या पिशवी घातलेल्या यंत्राकडं पाहत होते. ते कुणी तरी विकत घेतलं होतं, बसवलं होतं, बहुधा फीतही कापली होती. ते चालू ठेवणं हे कुणाचंच काम नव्हतं. महाराष्ट्र सरकारच्या 2025 च्या धोरणात महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलं आहे. ते झालं तर फार चांगलं. पण यंत्र बसवणं आणि यंत्र रोज सकाळी चालतं का ते पाहणं, यात दुसरं काम जास्त पवित्र आहे.

हे मी हुजूर साहिबच्या लंगरमुळं म्हणते. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंहांनी नांदेडला देह ठेवला. आमच्या नरसीच्या नामदेवांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणजे शीख परंपरेशी आमचं नातं त्याही आधीपासूनचं. आम्ही मुली शाळेतून येताना लंगरला शिरायचो. खाली लांब पट्टी अंथरलेली, तिच्यावर कलेक्टर आणि हमाल एका ओळीत. रोटी घ्यायची तर दोन्ही तळवे जोडून वर करायचे. एका हातानं घेतली तर सेवादार प्रेमानं थांबवतो. त्या पंगतीत मी कधी कुणाला घरून डबा आणलेला पाहिला नाही. कारण अन्न असणार, हे सगळ्यांना माहीत असतं. ते का माहीत असतं? पहाटे कुणी तरी कांदा चिरतो, कुणी भांडी घासतो, कुणी चूल पेटवतो, आणि हे रोज होतं म्हणून. तिथली श्रद्धा आभाळातून पडलेली नाही. ती रोजच्या देखभालीतून तयार झाली आहे. आमच्या लिंगायत परंपरेत बसवेश्वरांनी बाराव्या शतकात याच गोष्टीला दासोह म्हटलं. आधी कायक, म्हणजे आपले हात वापरून केलेलं काम. मग त्यातून आलेलं समाजाच्या पंगतीत ठेवणं. त्यांचं बसवकल्याण लातूरहून फार दूर नाही. आम्ही जयंतीला मिरवणूक काढतो. पण दासोह म्हणजे वर्षातून एकदा महाप्रसाद, एवढाच अर्थ घेतला तर बसवेश्वरांना आम्ही अर्धंच ऐकलं.

आता खरा प्रश्न मांडते. माणूस एकटा स्वच्छ होऊ शकतो का? माझं उत्तर नाही असं आहे. ज्यानं विजेची मोटार घेतली, छतावर आपलं पॅनेल बसवलं, आपला चार्जर, आपली बॅटरी, आणि फाटक लावून घेतलं, त्यानं बोअरचीच गोष्ट नव्या रूपात पुन्हा केली. त्याची गाडी चांगली आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण धर्म म्हणून त्यानं काही साधलं, असं मी म्हणणार नाही.

दासोहाच्या दृष्टीनं पाहिलं की वाटपाचा क्रमही बदलतो. विजेच्या मोटारीवर जीएसटी 5 टक्के आहे. छोट्या पेट्रोल मोटारीवर तो 2025 मध्ये कमी झाला तरी 18 टक्के आहे. राज्याच्या धोरणात समृद्धी महामार्ग, अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथं विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे. नांदेड-लातूरच्या वाटेवर यातलं एकही नाही. ही सगळी सवलत शेवटी सर्वांच्या पैशातून जाते आणि मोटार घेऊ शकणाऱ्याच्या अंगणात पोचते. आणि अजून अनेक गावांत शेतकऱ्याला पंपासाठी थ्री-फेजची पाळी रात्रीची येते. तो विंचूकाट्यात दारं धरायला जातो, त्याच वेळी शहरातली गाडी पोर्चमध्ये वीज पीत असते. म्हणून माझ्या मते सामाईक पैशावर पहिला हक्क एसटीचा. 1 जून 1948 ला पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली आणि 2022 मध्ये त्याच तारखेला, त्याच रस्त्यावर विजेची शिवाई धावली. महामंडळानं 5,150 विजेच्या गाड्या भाड्यानं घ्यायचा करारही केला. त्यातली प्रत्येक गाडी अहमदपूर, उदगीर, देगलूर, किनवटच्या स्टँडवर वेळेवर उभी राहिली, तर तिच्यानं होणारं पुण्य माझ्या भाच्याच्या मोटारीपेक्षा कितीतरी मोठं आहे. दुसरा हक्क रिक्षावाल्याचा. तो दिवसभर शहराच्या मधोमध धूर खातो आणि सोडतो. लातूरच्या गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांच्या तोंडाशी संध्याकाळी उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. त्याचं घर दहा बाय दहाचं, मीटर घरमालकाच्या नावावर, पोर्च नाही. तो रात्री गाडी कुठं लावणार? मोटारवाल्याचा नंबर त्यानंतरचा. भाच्याला हे सांगितल्यावर तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "आत्या, मग आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्यांना आपल्या पोर्चमधून लाईन देऊ का? मीटर वेगळं घेऊन?" त्यानं चौकशी सुरू केली आहे.

माझं मागणं नांदेड आणि लातूरच्या देवस्थानांकडं, गुरुद्वाऱ्यांकडं, मठांकडं, दर्ग्यांकडं आणि मंगल कार्यालयांकडं आहे. आपल्याकडं मोठी छतं आहेत, मोकळी पटांगणं आहेत, अन्नदानाची यंत्रणा आहे आणि, सर्वांत मोलाचं म्हणजे, लोकांचा भरवसा आहे. शिर्डीच्या प्रसादालयावर 2009 मध्येच सूर्यावर चालणारी स्वयंपाकाची यंत्रणा बसली. म्हणजे हे महाराष्ट्राला नवं नाही. छतावर पॅनेल बसवा. पटांगणाच्या एका कडेला रिक्षांसाठी चार सॉकेट द्या, खऱ्या अर्थिंगसह, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी टाकायची जबाबदारी एका माणसावर नावानिशी सोपवा. दर वाजवी ठेवा, पण फुकट नको. दिवसा सूर्य असताना चार्ज करू द्या, म्हणजे परळीवरचा भार तेवढा हलका होईल. यंत्र बिघडलं तर त्याच दिवशी दुरुस्त करा, जसं लंगरमध्ये किंवा महाप्रसादाला अन्न कमी पडू देत नाही तसं. आणि वाचकांपैकी कुणी एखाद्या विश्वस्त मंडळावर असेल, तर पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.